सतरा नंबरचा पत्रा

बाईंनी सतरा नंबरच्या पत्र्यावर अंगठा दाबला, दोन-तीन श्वास तसाच धरला, मग उचलला आणि पत्रा खिडकीकडे तिरपा करून पाहिला. डाग नव्हता. मग डोळे मिटून त्यांनी त्यावरून तळहात फिरवला, वरून खाली, पुन्हा खालून वर, आणि डोळे न उघडताच म्हणाल्या, "हा." टेबलावर चोवीस पत्रे मांडलेले होते, वहीच्या पानाएवढे, सगळे काळे, प्रत्येकाच्या कोपऱ्यात भोक आणि भोकात तारेनं अडकवलेला नंबर. दादांनी टाळी वाजवली. "बघा, मी म्हणत नव्हतो? आमच्या जावईबापूंच्या हाताला गुण आहे." सगळे हसले. बाईही हसल्या आणि तोही हसला, कारण हसण्याची वेळ होती. पण चोवीसांतले तेवीस पत्रे त्यानं जीव ओतून केले होते. एकच असा होता जो त्यानं केलेला नव्हता. तो आपला आपण झाला होता, हा जागेवर नसताना.

कारखान्यात त्याला सगळे जावईबापूच म्हणत. दादा म्हणजे त्याच्या बायकोचा थोरला भाऊ आणि कारखान्याचा मालक. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात त्यांनी त्याला रसायनशास्त्राची पदवी वाया घालवू नका म्हणून बोलावून घेतलं आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर जावईबापू अशी हाक मारली. ती जी चिकटली ती एकोणीस वर्षं निघाली नाही. हजेरीवाला, रंगाची बंदूक चालवणारे, पत्रे धुणारे, सगळे बापू म्हणत, आदरानं म्हणत, आणि त्या आदरातून बाहेर पडायला कुठं फटच नव्हती. कुणी शिवी दिली असती तर राजीनामा तरी देता आला असता. राहायची जागाही दादांचीच, कारखान्यापासून चालत दहा मिनिटांवर, तीन खोल्यांची, उजेडाची. घरात दोघंच. मूलबाळ झालं नाही, त्यावरही दादांनी कधी चकार शब्द काढला नाही. तक्रार करावी असं एकही माणूस त्याच्या आयुष्यात नव्हतं आणि हे त्याला कुणाला सांगता येत नव्हतं.

काम तसं साधं. रंगाची कोरडी पूड विजेच्या जोरावर लोखंडी पत्र्याला चिकटवायची आणि भट्टीत भाजायची; पूड वितळते, पसरते आणि पत्र्याला कातडी येते. एकोणीस वर्षं त्यांनी फायलींची कपाटं, पंख्यांच्या जाळ्या आणि दवाखान्यातल्या खाटा रंगवल्या. खाट रंगवताना कुणी डोळे मिटून तळहात फिरवत नाही. मग ही कॉम्प्युटरच्या पेट्या बनवणारी कंपनी आली. त्यांच्या पेट्या टेबलाखाली लपवायच्या नव्हत्या, वर ठेवून मिरवायच्या होत्या, आणि कंपनीच्या बाईंना त्यांच्यावर हवी होती ती डोळ्याला गडद काळी, हाताला मऊ आणि बोटांचा डाग न धरणारी कातडी. "बाईंना पत्रा नकोय," भट्टीवाले नाना म्हणाले होते, "मांजर हवंय." नाना कारखान्यातले सगळ्यात जुने. जाड भिंगांचा चष्मा, भट्टीसमोर उभं राहून भाजलेला चेहरा, आणि कशालाही नाव ठेवायची तयारी. त्या मांजरापायी त्यानं महिनाभर पुडीचे थर कमी-जास्त केले, जाड-बारीक चाळून पाहिली, आणि प्रत्येक पत्रा थोडा चमकला किंवा थोडा खरखरला. सतरावा तेवढा मऊ आला.

आता त्यांच्याकडच्या तक्त्याबद्दल सांगायला हवं. प्रत्येक घाण्याचा एक छापील तक्ता असे: नंबर, पूड, थराची जाडी, भट्टी किती अंशावर, किती वेळ, आत कधी, बाहेर कधी, भट्टीवाल्याची सही. नियम असा की जसं काम होईल तसं लिहायचं. पण भट्टी कायम एकशेऐंशी अंशांवर आणि वेळ कायम दहा मिनिटं, मग तेच तेच पन्नास वेळा लिहायला हातात ग्लोव्ह घालून कोण बसेल? तेव्हा केव्हापासून तरी रीत पडली होती की सकाळी चहाबरोबर दिवसभराचे तक्ते भरून टाकायचे. तो भरायचा, नाना न बघता सह्या करायचे. हजेरीचंही तसंच. वर्षानुवर्षं पत्रे पुसायच्या द्रावात बोटं बुडवून त्याच्या अंगठ्याच्या रेषा झिजून गेल्या होत्या, हजेरीचं यंत्र त्याला ओळखतच नसे, म्हणून गेटवरचा माणूस वहीत त्याच्या नावापुढं सकाळीच येण्याची आणि जाण्याची अशा दोन्ही वेळा लिहून मोकळा व्हायचा. बापू काय, येणारच आणि जाणारच. दिवस घडायच्या आधीच त्याचा हिशेब पुरा झालेला असे आणि एकोणीस वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता. त्या एका दिवसापर्यंत.

त्या दिवशी सकाळी खुर्ची आली. तो प्रयोगाच्या खोलीत होता. शेडच्या मागं भिंत घालून केलेली छोटी खोली, एक छोटी भट्टी, एक ओटा, एक स्टूल. दोन हमालांनी खोक्यातून खुर्ची काढली, हात असलेली, मान टेकायला उशी असलेली, आणि मागून दादा हौसेनं आले. "बसा, बसा. एकोणीस वर्षं स्टुलावर काढलीत, मला लाज वाटते हो. वीस वर्षांची हमी आहे हिला, बापू. तुम्ही थकाल, ही थकणार नाही." तो बसला. खुर्ची खरोखर चांगली होती. त्यानं हातांवर हात ठेवले आणि मनात बेरीज झाली: चव्वेचाळीस अधिक वीस. बेरीज कुणी सांगितली नव्हती, आपोआप झाली. दादा गेले. त्यानं सतरा नंबरचा पत्रा छोट्या भट्टीत टांगला, दार लावलं, पुन्हा येऊन खुर्चीत बसला, आणि चार मिनिटांनी उठला, भट्टीचं बटण बंद केलं आणि बाहेर पडला. बाहेर जाताना भट्टी बंद करायची ही सवय हाडात मुरलेली. साडेअकरा वाजले होते. गेटवरच्या माणसानं मान वर करून "बापू" म्हटलं आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

पाय बस-स्टँडवर गेले. तसं काही ठरवलेलं नव्हतं, आणि हे तो पुढं स्वतःला शंभरदा सांगणार होता. खिडकीतल्या माणसाला त्यानं विचारलं, "आत्ता कोणती सुटतेय?" "कुठं जायचंय?" "जी सुटतेय तिचं द्या." त्या माणसानं एकदाच वर पाहिलं, आणि त्या पाहण्यात काही आश्चर्य नव्हतं, अशी गिऱ्हाइकं त्याला सवयीची असावीत. तिकीट घेताना त्यानं गावाचं नाव वाचलं नाही. मुद्दाम नाही वाचलं. चुरगळून खिशात घातलं आणि खिडकीपाशी बसला. पुढच्या बाकावर कुणी संत्रं सोलत होतं. बस हलली, चौक गेले, दुकानं गेली, लाकडाच्या वखारी गेल्या, मग इमारती पातळ झाल्या आणि मोकळी जमीन दिसायला लागली, आणि त्याच्या छातीत एवढी जागा झाली की त्याला खोकला आला. त्याला बायको आठवली. म्हणजे त्यानं ती आठवून पाहिली: खिडकीपाशी बसून उसवलेली शिवण घालणारी, दोरा दातानं तोडणारी, भली, कमी बोलणारी बाई. काहीच झालं नाही. बधिर झालेल्या पायाला चिमटा काढून पाहावा तसं त्यानं पुन्हा आठवून पाहिलं, संध्याकाळी ती दार उघडेल, वाट पाहील, दादांना फोन करील. तरी काही नाही. आपल्याला काही होत नाहीये याचीच त्याला भीती वाटली. आणि तेवढ्यात, शेवटच्या नाक्याच्या अलीकडं, त्याला आठवलं की पत्रा आत राहिलाय. चार मिनिटं भाजलेला, अर्धा कच्चा, बंद भट्टीत. तो ताडकन उठला. "थांबवा," तो म्हणाला, "माझं राहिलंय."

पन्नास मिनिटं चालत तो परत आला. भट्टी कोमट होती. पत्र्यावर मरगळलेली, ना पूड ना रंग अशी साय धरली होती. फेकून द्यायचा तो त्यानं फेकला नाही. दार लावलं आणि पत्रा आत असतानाच भट्टी पुन्हा चालू केली, हळूहळू तापू दिली, एकशेऐंशीवर दहा मिनिटं ठेवली, काढला, न बघता बाकीच्यांच्या रांगेत टांगला. एक वाजून चाळीस मिनिटांनी बटण दाबलं होतं हे त्याला पक्कं आठवत होतं. तक्त्यात मात्र सकाळपासून लिहिलेलंच होतं: सतरा नंबर, एकशेऐंशी, दहा मिनिटं, खाली नानांची सही.

बाईंनी डोळे मिटून हा म्हटल्यावर पुढचे तीन आठवडे सगळा कारखाना त्या सतरा नंबरच्या मागं लागला. तक्त्याबरहुकूम पत्रे केले, वीस केले, पन्नास केले, एकही तसा उतरेना. पूड पुरवणाऱ्यांचा इंजिनिअर आला, छोट्या पिशव्यांतून नऊ तऱ्हांची पूड घेऊन आला, आणि प्रयोगाच्या खोलीतच तळ ठोकून बसला. धुण्याचं पाणी बदललं. हवा कोरडी करायचं यंत्र आणलं. दादा दर तासाला डोकवायचे, पत्र्यावर अंगठा दाबायचे आणि अंगठ्याचा डाग बघून "च" करायचे. सतरा नंबर मऊ कापडात गुंडाळून दादांच्या कपाटात ठेवला होता, दिवसातून दोनदा बाहेर यायचा, आणि सगळे त्यावरून हात फिरवून गप्प व्हायचे. महिनाअखेरीला बाई वीस पेट्या न्यायला येणार होत्या. त्यांच्या रिकाम्या पेट्याही येऊन पडल्या होत्या, उघड्या, नागड्या पत्र्याच्या. पेटीला अजून एक खोड असते: पूड बाहेरच्या अंगावर छान बसते पण आतल्या कोपऱ्यात शिरत नाही, आजूबाजूचं लोखंडच तिला आधी ओढून घेतं. बंदूकवाले कितीही जवळ गेले तरी कोपरा कोराच. जेवणाच्या सुटीत तो एकटाच त्या पेट्यांत डोकावून तो कोपरा बघत बसायचा. सगळ्या बाजूंनी लोखंड, आणि मधे बोटभर जागा जिथं कुणी पोचत नाही. बघताना त्याला बरं वाटायचं आणि आपल्याला कशाचं बरं वाटतंय हे कळून शरमही वाटायची.

कुणीही म्हणेल की एवढं काय त्यात, नवी कल्पना सुचली म्हणून सांगायची, मधेच भट्टी बंद करून बघू या म्हणायचं. तोही रोज सकाळी दात घासताना हेच ठरवायचा. पण दादा काही दुधखुळे नव्हते. नव्या रीतीनं हुबेहूब सतरा नंबर निघाला असता तर ते पहिलं तक्त्याकडं बघणार, मग त्याच्याकडं बघणार, आणि विचारणार, बापू, हे तुम्हाला सुचलं कसं? आणि त्याला दादांच्या तोंडावर खोटं बोलता येत नसे, एकोणीस वर्षांत त्याचा सरावच झाला नव्हता. हे एक. दुसरं कारण त्यानं स्वतःलाही उशिराच कबूल केलं. ते दोन तास दहा मिनिटं त्याला द्यायची नव्हती. घर दादांचं, काम दादांचं, नावसुद्धा दादांनी दिलेलं. तेवढा वेळ मात्र त्याचा होता. ते सोनं नव्हतं, उलट आठवलं की मान खाली जायची, पण होतं त्याचं. इंजिनिअर नववी पिशवी फोडत असताना तो ओट्याला टेकून उभा राहायचा, मान हलवायचा, आणि आत कुठंतरी त्या बसच्या खिडकीत बसलेला असायचा. रात्री बायको विचारायची, "जमलं का?" तो म्हणायचा, "नाही अजून." ती त्याच्याकडं जरा जास्त वेळ बघायची, मग ताट वाढायची.

शेवटी खापर नानांवर फुटलं. इंजिनिअरनं कागदांची चळत चाळून निदान केलं की पूड बरोबर आहे, थर बरोबर आहे, तेव्हा भट्टीचा आकडा खोटा आहे; त्या दिवशी ती एकशेऐंशीला नव्हतीच, आणि ज्यानं सही केली त्यानं नीट पाहिलेलं नाही. दादांनी नानांना काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. तोही तिथंच होता, फायली घेऊन. "नाना," दादा शांतपणे म्हणाले, ते कधी आवाज चढवत नसत, "तुमच्या नजरेचं काही खरं नाही आता. राग मानू नका. उद्यापासून घरी आराम करा." नानांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. "सही माझी आहे ना?" ते म्हणाले. "आहे." "मग मी पाहिलंय. एकशेऐंशी म्हणजे एकशेऐंशी." त्यांनी काही पाहिलं नव्हतं. ते त्या वेळी शेडमध्ये मोठ्या भट्टीपाशी होते. पण न बघता सही केली म्हणायचं म्हणजे चाळीस वर्षांच्या सगळ्याच सह्यांवर पाणी सोडायचं, त्यापेक्षा नजर गेली म्हणून घरी बसलेलं बरं, असा हिशेब त्या म्हाताऱ्यानं उभ्या उभ्या केला होता. त्यानं नानांच्या हाताकडं पाहिलं. नाना खिशाला लावलेलं सहीचं पेन काढून टेबलावर ठेवत होते.

"नानांनी सकाळी साडेआठलाच सही केली होती," तो म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला लांबून आल्यासारखा वाटला. "मीच तक्ता भरून दिला होता. रोज देतो. एकशेऐंशी, दहा मिनिटं, असं काही त्या दिवशी झालंच नाही. चार मिनिटांनी मी भट्टी बंद केली. पत्रा आत होता. साडेअकराला बंद केली, एक चाळीसला परत चालू केली, पत्रा आत ठेवूनच. त्यात नानांचा काही संबंध नाही."

इंजिनिअरचं पेन कागदावर थांबलं. दादा टेबलावर दोन्ही कोपरं टेकून त्याच्याकडं बघत होते, आणि तो त्या प्रश्नाची वाट बघत उभा राहिला. कुठं होता मग? इतके दिवस जो प्रश्न तो टाळत आला होता तो आता त्याला हवासा वाटू लागला. विचारा, तो मनात म्हणाला. विचारा म्हणजे सांगतो, स्टँडवर गेलो होतो, तुमची खुर्ची, तुमचं घर, तुमची बहीण सोडून निघालो होतो, नाक्यापर्यंत गेलोही होतो. एकदा तोंडातून निघालं असतं की मग पुढचं काय व्हायचं ते झालं असतं. त्याचे ओठसुद्धा उघडले. दादांचा चेहरा हळूहळू पसरत गेला.

"झोपलात," दादा म्हणाले. "झोपलात ना, बापू? त्याच दिवशी खुर्ची आली होती. बसलात आणि डोळा लागला." आणि ते खदखदून हसले, टेबलावर थाप मारली. "अहो, मग लाजता कशाला? तीन आठवडे त्यासाठी गप्प बसलात? खुर्ची आणली कुणी? मी आणली. म्हणजे हा पत्रा खुर्चीचा आहे, तुमचा नाही की नानांचा नाही." इंजिनिअर हसला. नानाही हसले, डोळे पुसत हसले. नाही म्हणायला एक क्षण होता, तो हसण्यात गेला, आणि पुढच्या क्षणाला तीच खरी हकीकत झाली.

त्याच दुपारी करून पाहिलं. चार मिनिटं, बंद, दोन तास दहा मिनिटं, चालू. पाच माणसं बंद दारासमोर उभी राहिली. पत्रा बाहेर आला, निवला, दादांनी अंगठा दाबला. डाग नव्हता. इंजिनिअरनं काहीतरी समजावून सांगितलं, पुडीत दोन घटक असतात, एक लवकर धरतो, दुसरा उशिरा, मधे थंड झाल्यामुळं ते वेगवेगळे आकसतात वगैरे. दादांनी नानांना मिठी मारली आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. त्यानंही पत्र्यावरून हात फिरवला. अगदी तसाच होता. त्याला वाटलं होतं तो तसा होणार नाही, त्याला बसचा तो रस्ता लागेल, मोकळी जमीन लागेल, निदान शेवटची पायपीट तरी लागेल. काहीही लागलं नाही. फसवल्यासारखं वाटून त्यानं हात मागं घेतला.

घरी बातमी आधीच पोचली होती. बायको खिडकीपाशी बसली होती, उजेड होता तोवर तिचं काम चाललं होतं. "दादाचा फोन आला होता," ती म्हणाली. "तू झोपलास म्हणत होता. हसत होता नुसता." "हं," तो म्हणाला आणि बूट काढायला बसला. ती उठली, कपाटातून बटणांचा डबा काढला, झाकण उघडलं आणि बटणांच्या खालून एक कागद काढून त्याच्यासमोर धरला. धुण्यात लगदा होऊन वाळलेला, इस्त्रीनं सरळ केलेला. गावाचं नाव पार उडालं होतं. तारीख होती, वेळ होती, आणि एक सीट एवढं वाचता येत होतं.

"परतीचं नाहीये," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळं त्याला बसता येईना आणि उठताही येईना. "कुठलं होतं?"

"माहीत नाही. बघितलं नाही मी."

"म्हणजे कुठंही."

"हो."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती पुन्हा पुन्हा बंद पडत होती. "मग परत का आलास?" तिनं विचारलं.

केबिनमध्ये ज्या प्रश्नासाठी तो तोंड उघडून उभा होता तो हा नव्हता. याचं उत्तर सोपं होतं, कुठल्याही नवऱ्याला सुचेल असं होतं, आणि दादांना सांगता आली नसती ती थाप इथं नुसती मान हलवूनही चालली असती. पण एक खरं बोलून झाल्यावर त्याला सवय लागल्यासारखी झाली होती, किंवा एकदा तरी कुणाला तरी ते पुरतं सांगायचं होतं. "पत्रा आत राहिला होता," तो म्हणाला.

"पत्रा."

"भट्टीत. अर्धा कच्चा."

तिनं मान हलवली. दोन-तीनदा हलवली, हिशेब जुळवताना हलवतात तशी. "मला वाटलं होतं, माझ्यासाठी आलास," ती म्हणाली. "तीन आठवडे तेच धरून होते. म्हणून विचारलं नाही. म्हटलं, आलाय ना, आपलं आठवून आलाय, मग कशाला विचारा." तिनं तिकीट पुन्हा डब्यात ठेवलं, वर बटणं सारखी केली, झाकण दाबून लावलं. त्याला तिचा हात धरावासा वाटला. हे आत्ता, या खोलीत वाटतंय, तेव्हा बसमध्ये वाटलं असतं तर, असं मनात आलं आणि त्याची त्याला इतकी लाज वाटली की हात मांडीवरच राहिला. "जेवायला वाढते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो आठला कारखान्यात पोचला. अंगठा लावला, यंत्रानं ओळखलं नाही, वहीवाल्यानं दोन्ही वेळा लिहून टाकल्या. "झोप झाली का, बापू?" त्यानं विचारलं, आणि मागचे दोघं फिस्सकन हसले. प्रयोगाच्या खोलीत गेला तर खुर्ची नव्हती. ती शेडमध्ये मोठ्या भट्टीसमोर ठेवलेली होती, दारापासून चार हातांवर, तोंड दाराकडं करून. दादा शेजारी उभे होते.

"पेट्या मोठ्या भट्टीत घालायच्या आजपासून," दादा म्हणाले. "रोज एक घाणा. ती बाई वीस नेणार, मग दोनशे मागणार, बघा तुम्ही. सगळी मेख त्या दोन तासांत आहे. मधे कुणी दार उघडलं, थंड वारा लागला, की मेलं सगळं. नानांना दिसत नाही, पोरं ऐकत नाहीत. तेव्हा त्या वेळात इथं तुम्ही बसायचं. परक्याच्या भरवशावर नाही टाकणार मी हे, घरचं माणूस पाहिजे." मग खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "हवं तर झोपा. पण उठायचं नाही."

पेट्या आत गेल्या. चार मिनिटांनी नानांनी मोठं बटण बंद केलं, पंख्याची घरघर थांबली, आणि शेड एकदम एवढी शांत झाली की पत्रे धुण्याचं पाणी ऐकू यायला लागलं. नाना जवळ आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि चहाला गेले. तो बसला. खुर्चीच्या हातांवर हात बरोबर मावले, मान उशीला टेकली. समोर बंद दार, त्यामागं काळोखात टांगलेल्या पेट्या आकसत होत्या, सावकाश, जसं व्हायला हवं तसं. साडेअकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. ती बस आता स्टँडवर लागली असेल, पुढच्या बाकावर कुणीतरी बसलं असेल. त्यानं डोळे मिटून ती मोकळी जमीन आणायचा प्रयत्न केला. जमीन आली, पण तिच्याआधी दादांचं हसणं आलं, खुर्ची आली, बटणांचा डबा आला, आणि मग खिडकीतून जे दिसायचं ते कुणी आधीच पाहून ठेवल्यासारखं दिसलं.

त्यानं डोळे उघडले. मांडीवर तक्त्यांची नवी चळत होती. दादांनी रकाने वाढवून छापून घेतले होते: बंद कधी, चालू कधी, मधे हजर कोण. त्यानं खिशातलं पेन काढलं आणि आजचा तक्ता भरला. साडेअकरा. एक चाळीस. हजरच्या रकान्यात त्यानं आपलं नाव लिहायला घेतलं, मग कुणाला कळणार नाही म्हणून जावईबापू लिहिलं. पुढचं पान उलटलं, ते उद्याचं होतं. साडेअकरा, एक चाळीस, जावईबापू. मग परवाचं. दार बंदच होतं, दुसरं काही करायचं नव्हतं. महिनाअखेरपर्यंतची सगळी पानं भरून झाली तेव्हा भट्टी पुन्हा चालू करायला अजून दीड तास बाकी होता.